रब्बी ज्वारीच्या हिरवळीवरून जमिनीची खोली आणि ओल कशी ओळखावी: उपग्रह-चित्रं वापरणाऱ्या नवशिक्यांसाठी

उपग्रहाच्या कॅमेऱ्यात जमिनीची खोली येत नाही. मुरूम दीड फुटावर लागतो की चार फुटांवर, खाली ओल किती उरली आहे, हे वरून टिपता येत नाही. वरून दिसतं ते पान. म्हणून पानावरून जमिनीकडे जायचं असेल तर असं पीक निवडावं लागतं ज्याचं जगणं-सुकणं जवळजवळ पूर्णपणे त्या जमिनीवर अवलंबून आहे. सोलापूर जिल्ह्यातली कोरडवाहू रब्बी ज्वारी हे असं पीक आहे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या सुमाराला होते, परतीचा पाऊस थांबतो आणि पुढचे तीन महिने पीक काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर उभं राहतं. ज्वारीचं कोठार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१६ मध्ये आपल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या मंगळवेढ्याच्या शिवारात ही पद्धत शिकावी, इतका तो भाग तिला सोयीचा आहे: सपाट रान, सलग पीक आणि नोव्हेंबरपासून बहुतांशी निरभ्र आकाश.

यामागचं गणित सरळ आहे. एक मीटर खोल भारी काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असं पाणी साधारण १५० ते २०० मि.मी. मावतं. त्याच शिवारात ३० सें.मी.वर मुरूम लागला तर साठा तिसऱ्या हिश्शावर येतो. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला, पेरही एकाच आठवड्यात साधली, तरी उथळ जमिनीतली ज्वारी आधी पिवळी पडणार. हा ‘आधी’ किती दिवसांचा, ते मोजणं म्हणजेच ही सगळी पद्धत. एका तारखेच्या चित्रात कोणतं शेत जास्त हिरवं दिसतं याला फारसा अर्थ नसतो. दहा दिवस उशिरा पेरलेलं उथळ रान त्या दिवशी भारी रानापेक्षा हिरवं दिसू शकतं.

काय लागेल

इंटरनेट असलेला साधा संगणक, क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर आणि उपग्रह-चित्रं देणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर एक मोफत खातं. मोठ्या क्षेत्रावर, अनेक वर्षांचं काम करायचं असेल तर गूगल अर्थ इंजिन शिकून घ्यावं. अव्यावसायिक कामासाठी तेही मोफत आहे. शिवाय मातीचा नमुना काढायचा गिरमिट (ऑगर), मोजपट्टी, वही आणि जीपीएस असलेला मोबाइल. वहीशिवायचं काम अर्धवट राहतं, हे पुढे पटेल.

पायरी १: क्षेत्र आखा

आपण वापरणार ती चित्रं सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची. त्यांतला लहानात लहान ठिपका, म्हणजे पिक्सेल, १० मीटर बाय १० मीटरचा असतो: १०० चौ.मी. एक गुंठा सुमारे १०१ चौ.मी. भरतो. म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा, आणि एका एकरात चाळीसेक पिक्सेल. हे प्रमाण डोक्यात पक्कं बसवा. आठ-दहा गुंठ्यांच्या तुकड्याबद्दल या चित्रांवरून खात्रीने बोलता येत नाही, कारण कडेचा प्रत्येक पिक्सेल अर्धा शेताचा आणि अर्धा बांधाचा असतो. बांधावर बाभूळ किंवा कडुनिंब असला की तो पिक्सेल वर्षभर हिरवा दिसतो आणि शेताची सरासरी बिघडवतो.

त्यामुळे शेताची हद्द आखल्यावर ती सगळीकडून १० मीटर आत घ्या. क्यूजीआयएसमध्ये बफर या साधनाला उणे १० हा आकडा द्यायचा. त्याआधी नकाशा यूटीएम झोन ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत आणा, नाहीतर उणे १० मीटरऐवजी उणे १० अंश धरले जातात आणि शेतच गायब होतं. पूर्व विदर्भात, ७८ अंश रेखांशाच्या पलीकडे, झोन ४४ (ईपीएसजी ३२६४४) लागतो. आत घेऊन किमान २० पिक्सेल उरतील अशीच शेतं शिकताना निवडा.

गटाच्या हद्दी महाभूनकाशावरून घेतल्या तर त्या उपग्रह-चित्रावर जशाच्या तशा बसतीलच असं नाही. रस्ता, ओढा, विहीर अशा ठळक खुणांशी ताडून पाहा आणि सरकल्या असतील तर चित्रावरच हाताने आखा.

पायरी २: चित्रं उतरवा

सेंटिनेल-२ मालिकेतला पहिला उपग्रह २०१५ मध्ये आणि दुसरा २०१७ मध्ये सोडला गेला. दोन उपग्रह मिळून एका जागेवरून दर ५ दिवसांनी फेरी होते. सप्टेंबर ते फेब्रुवारी या सहा महिन्यांत मिळून ३६ च्या आसपास फेऱ्या मिळतात. ढगाळ वगळल्या तरी वक्र, म्हणजे तारखांनुसार हिरवळीचा आलेख, काढण्याइतक्या उरतात.

ब्राउझरमध्ये सेंटिनेल-२ चा ‘एल२ए’ स्तर निवडा. यात वातावरणाचा परिणाम काढून टाकलेलं, जमिनीवरचं परावर्तन असतं. ‘एल१सी’ (वातावरणाचा परिणाम तसाच असलेला स्तर) आणि ‘एल२ए’ एकाच मालिकेत मिसळू नका. हवेतल्या धुरक्यामुळे ‘एल१सी’ मध्ये हिरवळ कमी भासते आणि वक्रात खोटे खड्डे पडतात.

तुम्हाला लागणारे बँड, म्हणजे प्रकाशाचे ठरावीक पट्टे, असे: बँड ४ (लाल, ६६५ नॅनोमीटर, १० मीटर), बँड ८ (जवळचा अवरक्त, ८४२ नॅनोमीटर, १० मीटर), बँड ८ए (८६५ नॅनोमीटर, २० मीटर), बँड ११ (शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, १६१० नॅनोमीटर, २० मीटर) आणि एससीएल हा वर्गीकरणाचा थर (२० मीटर).

उतरवताना कच्चे बँड, टिफ स्वरूपात, ३२ बिट फ्लोट असे घ्या. ब्राउझरमध्ये दिसणारं हिरवं-पिवळं सुंदर चित्र उतरवून त्यावर हिशेब करणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. त्या चित्रातले आकडे रंगांचे असतात, परावर्तनाचे नसतात.

दुसरा सापळा जास्त फसवा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून मूळ फायलींमधल्या प्रत्येक आकड्यात १००० मिळवलेले असतात. खरं परावर्तन काढताना ते वजा करून मग १०,००० ने भागायचं. वजा केलं नाही तर काय होतं पाहा. लाल परावर्तन ०.०८ आणि अवरक्त ०.२४ असेल तर एनडीव्हीआय (हिरवळ मोजणारा निर्देशांक, सूत्र पायरी ४ मध्ये) ०.५० येतो. तेच फाइलमधले १८०० आणि ३४०० हे आकडे तसेच वापरले तर १६०० भागिले ५२००, म्हणजे ०.३१. पीक तेच, पण २०२२ नंतर सगळं शिवार सुकलं असं चित्र उभं राहतं. ब्राउझरमधून ३२ बिट फ्लोट घेतल्यास ही दुरुस्ती आधीच झालेली असते. अर्थ इंजिनमध्ये नावात ‘हार्मनाइज्ड’ असलेला संग्रह घ्यावा. मूळ फायली उतरवणाऱ्यांनी मात्र प्रत्येक तारखेला हे स्वतः तपासायचं.

पायरी ३: ढग आणि सावल्या काढा

एससीएल थरात प्रत्येक पिक्सेलला एक क्रमांक असतो. ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे विरळ उंच ढग. हे चारही वगळा. वगळलेल्या भागाची कड आणखी ३०-४० मीटर वाढवा, कारण ढगाची विरळ किनार वर्गीकरणातून निसटते.

काळ्या जमिनीत याची एक उलटी अडचण येते. नुकतंच पाळी घातलेलं ओलं काळं रान इतकं गडद असतं की यंत्र त्यालाच सावली समजतं. तुमच्या मालिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या तारखा संशयास्पद प्रमाणात गळत असतील तर नैसर्गिक रंगातलं चित्र उघडून डोळ्यांनी पाहा. सावली असेल तर जवळपास ढग दिसलाच पाहिजे. ढग नसेल तर ती तारीख परत घ्या. उलट, विरळ ढग डोळ्यांनाही चकवतो. शेजारच्या पत्र्याच्या छपराचं किंवा रस्त्याचं परावर्तन नेहमीपेक्षा वाढलं असेल तर त्या दिवशी हवेत काहीतरी होतं असं समजावं.

काही गावं दोन शेजारच्या कक्षांच्या सामाईक पट्ट्यात येतात. तिथे चित्रं जास्त मिळतात, पण दोन कक्षांतून बघण्याचा कोन वेगळा असतो आणि वक्र करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. अशा वेळी एकच कक्षा धरून ठेवा.

पायरी ४: निर्देशांक काढा

एनडीव्हीआय = (बँड ८ − बँड ४) ÷ (बँड ८ + बँड ४). हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि जवळचा अवरक्त जोरात परतवतं, यावर हा आकडा उभा आहे. मोकळी कोरडी जमीन साधारण ०.१ ते ०.२, कोरडवाहू ज्वारी भरात असताना ०.५ ते ०.७, दाट ऊस ०.८ च्या पुढे. पाणी बहुधा शून्याखाली जातं.

याच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. पान दाट झालं की ०.८ च्या आसपास आकडा अडकतो. त्यापुढे पीक वाढलं तरी तो हलत नाही. कोरडवाहू ज्वारीत हे क्वचितच आड येतं, उसात नेहमी येतं. दुसरी मर्यादा ज्वारीत सतावते: पीक विरळ असताना मागची माती आकड्यात मिसळते आणि काळी माती भिजून गडद झाली की पान न वाढताही एनडीव्हीआय थोडा वर उचलला जातो. पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पावसाच्या लगेच नंतर आलेली छोटी उसळी त्यामुळे खरी धरू नका. तिथे मातीचा परिणाम कमी करणारा एसएव्हीआय हा निर्देशांक वापरा: १.५ × (बँड ८ − बँड ४) ÷ (बँड ८ + बँड ४ + ०.५). या सूत्राला परावर्तन ० ते १ या मापातच द्यावं लागतं. दहा हजारांच्या मापातले आकडे घातले तर ०.५ ला काही अर्थच उरत नाही.

तिसरा निर्देशांक पानातल्या पाण्यासाठी. एनडीएमआय = (बँड ८ए − बँड ११) ÷ (बँड ८ए + बँड ११). पानात पाणी असलं की बँड ११ मधला प्रकाश शोषला जातो. ओल तुटू लागली की हा आकडा अनेकदा एनडीव्हीआयच्या आधी झुकतो, कारण पान आधी पाणी गमावतं आणि हिरवा रंग नंतर. याचा पिक्सेल २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा, असल्याने लहान शेतांत तो जपून वापरावा.

प्रत्येक तारखेला, प्रत्येक शेतासाठी, ‘झोनल स्टॅटिस्टिक्स’ने मध्यक काढा. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण शेतातलं एखादं झाड किंवा शेततळं त्याला फारसं हलवत नाही. तारीख, शेत, एनडीव्हीआय, एनडीएमआय, स्वच्छ पिक्सेलांची संख्या, असे पाच रकाने करा. निम्म्याहून कमी पिक्सेल स्वच्छ असतील तर ती नोंद टाका.

पायरी ५: वक्र वाचा

आता आडव्या रेषेवर तारखा आणि उभ्या रेषेवर एनडीव्हीआय मांडा. सगळं कसब इथे लागतं, म्हणून घाई करू नका.

आधी पायाची पातळी ठरवा: पेरणीआधीच्या मोकळ्या रानाचा आकडा. समजा ०.१८. मग शिखर: समजा ०.६२. फरक ०.४४. पायापासून या फरकाच्या २० टक्के चढल्यावर, म्हणजे सुमारे ०.२७ ला, पीक ‘उठलं’ असं धरा. ही तारीख पेरणीची नाही, पण शेताशेतांत तुलना करायला ती पेरणीइतकीच उपयोगी आहे. शिखरानंतर वक्र ज्या दिवशी फरकाच्या निम्म्यावर, म्हणजे ०.४० वर, उतरतो ती ‘अर्धी उतरण’. उठण्यापासून अर्ध्या उतरणीपर्यंतचे दिवस, हाच आपला मुख्य आकडा. दोन फेऱ्यांच्या मधली तारीख सरळ रेषेने काढली तरी चालते. वक्र फार गुळगुळीत करण्याच्या मोहात पडू नका. ज्या घसरणीवर आपला निष्कर्ष उभा राहणार, तीच त्यात पुसली जाते.

तुलना करताना उठण्याच्या तारखा १० दिवसांच्या आत असलेली शेतंच एका गटात घ्या. पेरणीच्या वेळेनुसार खोडमाशीचा उपद्रव बदलतो, थंडीही वेगळ्या वयात गाठते. तो फरक जमिनीच्या नावावर जमा होता कामा नये.

मालदांडी ३५-१ साधारण ७० ते ७५ दिवसांत फुलोऱ्यात येते आणि सुमारे १२० दिवसांत पक्व होते. म्हणजे उतरण प्रत्येक शेतात येणारच. पाहायचं ते ही की ती वयाने आली की तहानेने. पेरणीपासून ८५-९० दिवसांतच अर्धी उतरण झाली तर दाणे भरत असताना पाणी संपलं असा संशय घ्या. १०५ दिवसांच्या पुढे गेली तर पीक बहुधा आपल्या वेळेने पिकलं. हे आकडे सुरुवातीचा अंदाज म्हणून वापरा; तुमच्या गावासाठीचे खरे आकडे पायरी ८ मधले खड्डे ठरवतील.

वक्रांचे काही आकार पुन्हा पुन्हा भेटतात.

उंच शिखर आणि सावकाश उतरण: खोल, भारी जमीन. एनडीएमआयही बराच काळ टिकलेला असतो.

बुटकं शिखर आणि लवकर उतरण: उथळ जमीन, किंवा भारी असूनही पुरेशी न भरलेली. या दोहोंतला फरक एका वर्षात कळत नाही.

उंच शिखर आणि मग एकदम कोसळणं: मध्यम खोलीची जमीन असा आकार देते, पण इतर कारणंही देतात. एका फेरीत आकडा थेट मोकळ्या रानाइतका खाली आला तर ती कापणी किंवा हिरव्या चाऱ्यासाठीची काढणी आहे, तहान नव्हे. खडखड्या रोगात ताटं मधूनच मोडून पीक लोळतं आणि वक्र अचानक बदलतो. हा रोग दाणे भरताना ओल तुटली की बळावतो, म्हणून तो उथळ जमिनीची अप्रत्यक्ष खूण असू शकतो. तरीही शेतात जाऊन पाहिल्याशिवाय तसं लिहू नका.

बुटका, पसरट, लांब वक्र: पाण्याचा प्रश्न असता तर उतरण लवकर आली असती. इथे उगवणच विरळ झाली आहे, खोडमाशीने पोंगे मारले आहेत किंवा जमीन चोपण-क्षारपड आहे.

उतरणीनंतर पुन्हा चढ: साऱ्या शिवारात एकाच वेळी आला तर अवकाळी पाऊस. एकाच शेतात आला तर संरक्षित पाणी दिलं.

पायरी ६: पाणी दिलेली शेतं बाजूला काढा

विहीर, बोअर, शेततळं किंवा कालवा यांचं एक पाणी मिळालं तरी ते शेत जमिनीची साक्ष द्यायला अपात्र ठरतं. एप्रिल-मे महिन्यातली दोन-तीन स्वच्छ चित्रं घ्या. त्या कडक उन्हात ०.४ च्या वर असलेली शेतं बागायती किंवा फळबागेची समजून वगळा. ऊस वर्षभर हिरवा राहतो, म्हणून तो लगेच सापडतो. अवघड असतं ते फक्त रब्बीत एक-दोन पाणी मिळणारं शेत. त्याच्यासाठी वर सांगितलेला एकांडा चढ शोधा आणि गावात विचारा. भीमा आणि माण नदीकाठाला, उपसा सिंचनाच्या पट्ट्यात, हे काम शेताशेताने करावं लागतं.

पीकही एकच हवं. हरभऱ्याचा वक्र आखूड असतो, तर करडई खोल मुळांमुळे ज्वारीच्या मागे हिरवी राहते. सातबाऱ्यावरची ई-पीक पाहणीची नोंद पहिला आधार म्हणून घ्या, पण ती पूर्ण गटाची असते; गटाच्या आत दोन पिकं असतील तर हद्द चित्रावरून आखावी लागते. ज्वारीचा वाणही नोंदवा. काही वाणांची पानं पक्व होईपर्यंत हिरवी राहतात आणि त्यांचा कडबा चांगला होतो. त्यांची उतरण मालदांडीच्या उतरणीशी ताडता येत नाही.

पायरी ७: पाऊस आणि वर्षं तोला

मंडळनिहाय रोजचा पाऊस कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. जिथे नोंद तुटक असेल तिथे चर्प्स हा १९८१ पासूनचा उपग्रह-आधारित पाऊस वापरा. त्याचा एक चौकोन सुमारे ५ किलोमीटरचा असतो, म्हणून गावातल्या गावातला फरक तो दाखवणार नाही. १ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर या काळाची बेरीज आणि शेवटच्या मोठ्या पावसाची तारीख, एवढं प्रत्येक वर्षासाठी लिहा.

किमान पाच रब्बी हंगाम घ्या. एखादा पट्टा पाचपैकी चार वर्षं शेजाऱ्यांच्या आधी सुकत असेल तर कारण जमिनीत आहे. एकाच वर्षी सुकला असेल तर कीड, पेरणी, मशागत यांत शोधा. सर्वांत जास्त शिकवतात ती टोकाची वर्षं. २०१८ सारख्या दुष्काळी वर्षात भारी जमीनही भरत नाही, त्यामुळे सगळी शेतं सारखीच लवकर सुकतात आणि खोलीचा फरक पुसला जातो. उलट, ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. अशा वर्षी सखल भारी रानात पाणी साचतं, वाफसा उशिरा येतो, पेर लांबते. चिबडलेली भारी जमीन त्या हंगामात मध्यम जमिनीपेक्षा वाईट दिसू शकते. खोलीचा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो मधल्या वर्षांत, जेव्हा जमीन पेरणीला भरलेली असते आणि नंतर पाऊस येत नाही.

वर्षावर्षांची तुलना एका आकड्यात हवी असेल तर व्हीसीआय हा हिरवळीच्या स्थितीचा निर्देशांक काढा: (यंदाचा एनडीव्हीआय − त्या पंधरवड्याचा आजवरचा किमान) ÷ (आजवरचा कमाल − किमान) × १००. समजा डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात किमान ०.२४, कमाल ०.६६, यंदा ०.३६, तर उत्तर २९ टक्के. मात्र हा आकडा प्रत्येक शेताला त्याच्याच इतिहासाशी ताडतो. त्यामुळे दुष्काळाची तीव्रता पाहायला तो चांगला. पण जमिनीच्या खोलीसाठी तो वापरू नका, कारण कायम उथळ असलेल्या शेताचा कमी आकडा त्याला ‘नेहमीचा’ वाटतो.

मालिकेच्या मध्येच जमीन बदलली का, हेही विचारा. तलावातला गाळ टाकलेलं हलकं रान पुढच्या हंगामापासून वेगळं वागतं. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत अनेक गावांत असा गाळ पसरला गेला. अशा शेताची गाळाआधीची आणि नंतरची वर्षं वेगळी धरा. कोळपणीचंही असंच: तीन, पाच आणि आठ आठवड्यांनी कोळपून भेगा बुजवलेल्या शेतात ओल जास्त टिकते आणि जमीन आहे त्यापेक्षा खोल भासते.

पायरी ८: खड्डा घ्या

या पायरीविना नकाशा कुणाला देऊ नका. उठण्यापासून अर्ध्या उतरणीपर्यंतच्या दिवसांवरून शेतांचे तीन गट करा आणि प्रत्येक गटातून पाच जागा निवडा. जागा अशी हवी की तिच्या भोवतीचे आठही पिक्सेल साधारण सारखे असावेत. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या रानातही ३ ते ५ मीटर चुकतं, शिवाय चित्राची जागाही काही मीटर हलू शकते. सारख्या पिक्सेलांच्या मधोमध उभं राहिलं की या चुका आड येत नाहीत. गिरमिट चालवणाऱ्याला जागा कोणत्या गटातली आहे ते सांगू नका.

गिरमिट मुरूम लागेपर्यंत चालवा आणि खोली सेंटीमीटरमध्ये लिहा. मध्येच दगड आडवा आला असेल तर एक मीटर सरकून पुन्हा घ्या. एका जागी तीन वेळा मोजून मधला आकडा धरा. ओल मोजायची असेल तर ०-३०, ३०-६०, ६०-९० सें.मी. थरांतून मूठभर माती हवाबंद डब्यात घ्या, लगेच वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास ओव्हनमध्ये वाळवा, पुन्हा वजन करा. घटलेलं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन, गुणिले १००. यासाठी डिसेंबरचा मध्य चांगला: उथळ रान सुकू लागलेलं असतं आणि खोल रानाच्या खालच्या थरात ओल असते.

मग पंधरा जागा खोलीनुसार ओळीने लावा आणि शेजारी दिवसांनुसार ओळ लावा. दोन्ही ओळी बहुतेक जुळल्या तर पद्धत तुमच्या गावात चालते. न जुळणाऱ्या जागा सर्वांत मोलाच्या असतात. खोल असून लवकर सुकलेल्या जागी मातीचा सामू आणि विद्युतवाहकता तपासून घ्या. विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त आहे: ओल असूनही मुळांना ती ओढता येत नाही आणि वरून ती तहानच दिसते. उथळ असून हिरव्या राहिलेल्या जागी लपलेलं पाणी शोधा: वरच्या बांधातून पाझर, शेजारचा कालवा किंवा नाल्याचा काठ.

नकाशा द्यायचा कसा

रब्बी ज्वारीच्या वाणांच्या शिफारशी जमिनीच्या खोलीवरून केल्या जातात, म्हणून वर्गही तेच ठेवा: ३० सें.मी.पर्यंत हलकी, ३० ते ६० मध्यम, ६० च्या वर भारी. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा, अशा निवडीला नकाशा थेट उपयोगी पडतो. कोणत्या वर्गाला किती दिवस, या सीमा तुमच्या पंधरा खड्ड्यांवरून ठरवा, दुसऱ्या तालुक्यातले दिवस उसने घेऊ नका. दोन वर्गांच्या मधली रेघ २० मीटरपेक्षा बारीक काढू नका. बागायत म्हणून वगळलेली शेतं पांढरी सोडा, अंदाजाने रंगवू नका. नकाशाच्या कोपऱ्यात कोणते हंगाम, कोणतं पीक, किती खड्डे आणि त्यांतले किती जुळले हे लिहा. ज्या शेतात नंतर गाळ पडेल ते पुढचे दोन हंगाम पुन्हा मोजा.